फोन कुठे पुरतो आणि कॅमेरा कुठे लागतो

गोव्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की एक प्रश्न हमखास कानावर येतो. साठवलेले पन्नास-साठ हजार हातात आहेत, त्यात चांगल्या कॅमेऱ्याचा फोन घ्यावा की सरळ कॅमेराच? विचारणाऱ्यांत नुकतेच आईबाप झालेले असतात, जत्रेचे फोटो गावच्या ग्रुपवर टाकणारी मुलं असतात, पहाटे दुर्बीण घेऊन चोडण बेटावर पक्षी बघायला जाणारे असतात. सगळ्यांना एकच उत्तर देता येणार नाही. पण उत्तर शोधायची रीत सगळ्यांसाठी सारखीच आहे. ज्याचा फोटो काढायचा आहे ते किती उजेडात आहे, किती हलतं आणि किती लांब आहे, एवढे तीन प्रश्न आधी विचारायचे. मेगापिक्सेल, कंपनी आणि जाहिरातीतले आकडे त्यानंतर.

हेच तीन प्रश्न का, ते समजायला यंत्राच्या आत थोडं डोकवावं लागतं.

लेन्स प्रकाश आत घेते आणि सेन्सर तो मोजतो. फोन असो वा कॅमेरा, तत्त्व हेच. फरक आकाराचा आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असतो, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. नवशिक्यांसाठीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी नावाचा सेन्सर असतो. तो साधारण ३६५ चौरस मिलिमीटरचा. महागड्या फोनचा मुख्य सेन्सर मात्र सत्तर चौरस मिलिमीटरच्या आसपास, करंगळीच्या नखाएवढा. स्वस्त फोनमध्ये तो याच्याही निम्म्याहून लहान असू शकतो.

लेन्सचंही तसंच. चांगल्या फोनच्या मुख्य लेन्सवर एफ १.८ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि कॅमेऱ्याच्या लेन्सवरही तोच आकडा दिसतो, म्हणून दोन्ही सारखाच प्रकाश घेतात असं वाटतं. पण हा आकडा गुणोत्तर सांगतो. लेन्सच्या फोकल लेंग्थला (देखावा किती जवळचा दिसेल ते ठरवणारं, मिलिमीटरमधलं माप) त्याने भागलं की अ‍ॅपर्चरचं, म्हणजे प्रकाश आत येण्याच्या छिद्राचं, माप मिळतं. फोनच्या त्या लेन्सची खरी फोकल लेंग्थ सात मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे छिद्र जेमतेम चार मिलिमीटरचं. तेवढाच रुंद देखावा फुल फ्रेमवर टिपायला २४ मिलिमीटरची लेन्स लागते आणि तिचं एफ १.८ चं छिद्र तेरा मिलिमीटर भरतं. व्यास तिप्पट झाला की क्षेत्रफळ जवळपास दहापट होतं. तेवढ्याच वेळात तेवढ्याच पटीने जास्त प्रकाश आत येतो.

जास्त प्रकाश हवा कशाला? प्रकाश कणाकणाने येतो आणि हे कण एका लयीत येत नाहीत. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०० कण पडत असतील तर प्रत्यक्षात कधी ९०, कधी ११० असे पडतात. म्हणजे दहा टक्क्यांचा हेलकावा. सरासरी १०,००० असेल तर हेलकावा शंभराच्या आसपास, फक्त एक टक्का. रात्रीच्या फोटोत सावल्यांवर जे रंगीत दाणे दिसतात, ज्याला नॉईज म्हणतात, त्यातला मोठा भाग हा हेलकावाच असतो. सेन्सर कितीही नवा असला तरी तो टळत नाही, कारण तो प्रकाशाच्या स्वभावातच आहे. उपाय एकच: आणखी कण गोळा करणं.

मोठी काच लावून ते कॅमेरा करतो. फोनकडे मोठ्या काचेला जागा नाही, म्हणून तो गणिताकडे वळला.

कॅमेरा ॲप उघडल्याक्षणी फोन एकामागून एक फ्रेम टिपून तात्पुरत्या साठवत असतो. तुम्ही बटण दाबता तेव्हा तो त्यांतल्या अनेक फ्रेम घेतो, हाताच्या थरथरीने सरकलेल्या फ्रेम एकमेकींवर बरोबर बसवतो आणि सगळ्यांची मिळून एक करतो. चार फ्रेमची सरासरी काढली की दाणे निम्मे होतात, नऊंची काढली की एक तृतीयांश. गुगलने ही पद्धत एचडीआर प्लस या नावाने २०१३-१४ च्या सुमारास आपल्या फोनमध्ये आणली आणि २०१८ मध्ये नाइट साइट आल्यावर हातात धरलेल्या फोनने जवळजवळ काळोखात फोटो निघू लागले. आता बहुतेक चांगल्या फोनमध्ये हे असतं. ही फार मोठी कामगिरी आहे आणि कॅमेरा हाताळणाऱ्यांनी तिला कमी लेखू नये.

आता या हिशोबातून निघणारी एक गोष्ट, जी दुकानात सहसा कुणी सांगत नाही. नवशिक्यांच्या कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ च्या किट लेन्सचं छिद्र १८ मिलिमीटरवर एफ ३.५ असतं, म्हणजे पाच मिलिमीटरच्या थोडं वर. फोनचं चार! प्रकाश दुपटीपेक्षाही कमीच वाढतो. त्यात फोन एकावर एक फ्रेम रचतो आणि कॅमेरा एकच टिपतो. त्यामुळे साठ हजारांचा नवा कॅमेरा घरी आणून दिवेलागणीला अंगणात पहिला फोटो काढला, तर तो फोनपेक्षा वाईट दिसू शकतो आणि घेणाऱ्याचं मन खट्टू होतं. दोष कॅमेऱ्याचा नसतो, लेन्सचा असतो. त्याच कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर एफ १.८ ची साधी लेन्स लावा. तिचं छिद्र २८ मिलिमीटरचं आहे आणि ती साधारण दहा ते वीस हजारांत मिळते. चौकटीत दिसणारा देखावा अरुंद होतो, थोडं मागे सरकावं लागतं, पण रात्रीचं चित्र बदलून जातं. कॅमेरा घ्यायचा तर बजेटमध्ये ही लेन्स आधी धरावी, असं माझं ठाम मत आहे.

माटोळी आणि काला

गोव्यातलेच दोन प्रसंग घेऊ. पहिला चवथीचा. घरातला गणपती, डोक्यावर माटोळी, म्हणजे वर टांगलेली लाकडी चौकट, तिला बांधलेली तोरिंगं, सुपाऱ्यांचे घोस, रानातली फळं. खोली लहान, मागे जायला जागा नाही. मूर्तीवर दिव्यांचा झगमगाट आणि माटोळीच्या कोपऱ्यांत अंधार. हा फोटो फोन अप्रतिम काढतो. काहीही हलत नाही, म्हणून फ्रेम एकमेकींवर नीट बसतात. उजळ आणि काळोखे भाग तो वेगवेगळे सांभाळतो. शिवाय छिद्र लहान असल्याचा इथे फायदाच होतो: मूर्तीच्या डोळ्यांपासून माटोळीतल्या शेवटच्या फळापर्यंत सगळं स्पष्ट येतं. फुल फ्रेमवर तेवढी स्पष्टता हवी तर अ‍ॅपर्चर एफ ६ च्या पुढे बंद करावं लागेल, मग प्रकाश कमी पडेल आणि ट्रायपॉड शोधावा लागेल. ८ डिसेंबरच्या फेस्ताला पणजीच्या इगर्जीवर (चर्चवर) होणारी रोषणाई, मंगेशीचा उजळलेला दीपस्तंभ, संध्याकाळच्या फोंताइन्हासमधल्या गल्ल्या, यांनाही हेच लागू. यासाठी कुणी कॅमेरा घ्यायला निघालं तर मी थांबवीन.

दुसरा प्रसंग पेडण्याकडच्या एखाद्या जत्रेतल्या काल्याचा, म्हणजे रात्रीच्या दशावतारी नाटकाचा. मध्यरात्र उलटलेली, रंगमंचावर दोन-चार दिवे, आणि काळ्या पेहरावातला संकासूर उड्या घेत पुढे येतो. इथे गणित थकतं. पहिल्या फ्रेममध्ये हात वर, तिसरीत खाली. दोन्ही एकावर एक ठेवल्या तर हात दोन दिसतील. सॉफ्टवेअरला ते कळतं, म्हणून हलणाऱ्या भागापुरत्या फोन बाकीच्या फ्रेम टाकून देतो. म्हणजे मागचा पडदा स्वच्छ येतो आणि ज्याच्यासाठी फोटो काढला तो नट एकाच फ्रेमच्या तुटपुंज्या प्रकाशावर उरतो. मग त्याचे दाणे झाकायला चेहरा गुळगुळीत केला जातो. रंगवलेल्या चेहऱ्यावरची बारीक रेघ, घामाने ओघळलेला रंग, हे सगळं त्यात पुसून जातं. शिवाय चौकटीत इतकं काळं पाहून फोनला चित्र अंधारलेलं वाटतं आणि तो ते उजळ करतो. संकासूर करडा दिसतो.

अशा वेळी शटर सेकंदाच्या दोनशे पन्नासाव्या भागाएवढं जलद हवं. तेवढ्या वेळात पुरेसे कण जमवायला मोठं छिद्र आणि मोठा सेन्सर यांना पर्याय नाही. शिगम्याच्या रात्रीच्या मिरवणुकीत ताशावर पडणारी काठी, दिवाळीत नरकासुराच्या पुतळ्यासमोर नाचणारी पोरं, रात्रीच्या मांडवात धावणारं मूल, सगळं याच वर्गातलं. सत्तरीतली घोडेमोडणी (कमरेला लाकडी घोडे बांधून केलेला नाच) उन्हं असताना होत असेल तर मात्र फोन पुष्कळ चांगलं निभावतो, कारण उजेड भरपूर असला की एकाच फ्रेमलाही पुरेसे कण मिळतात.

काला, रणमाले, जागर या लोकनाट्यांची नीट, नटांच्या चेहऱ्यांसकट नोंद व्हावी, असं मला मनापासून वाटतं. गावागावांतली मुलं फोनवर ती करताहेत याचं मोल मोठं आहे. पण प्रत्येक गावच्या मंडळाने मिळून एक कॅमेरा आणि एक चांगली लेन्स घेतली, तर पन्नास वर्षांनी बघणाऱ्याला त्या चेहऱ्यांवरचं सगळं दिसेल.

फोन घेत असलेले निर्णय

फोनमधून बाहेर पडणाऱ्या फोटोत तुमच्या आधी बरेच निर्णय झालेले असतात. आकाश ओळखून ते निळं केलेलं असतं, चेहरा ओळखून तो उजळलेला असतो, हिरवा रंग गडद केलेला असतो. पुष्कळदा ते छान दिसतं. पण त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीवर सजवलेल्या होड्या सोडतात तेव्हा पाहा. तिथली सगळी शोभा काळोखातल्या दिव्यांची. फोनचा नाइट मोड काळोखच उजळून टाकतो, नदी राखाडी होते आणि दिवे फिके. यावर उपाय सोपा आहे: स्क्रीनवर दिव्यावर बोट टेकवा, शेजारी सूर्याचं चिन्ह येईल, ते खाली ओढा. नदी पुन्हा काळी होईल. नाइट मोड बंद करता येतो, तोही अशा वेळी करावा.

कॅमेरा हे निर्णय तुमच्यावर सोडतो. रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरने मोजलेलं जसंच्या तसं साठवणाऱ्या फाइलमध्ये, त्याचा सेन्सर सहसा १४ बिटमध्ये मोजतो, म्हणजे प्रत्येक पिक्सेलसाठी १६,३८४ पायऱ्या. साध्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ असतात. त्यामुळे सावलीतला चेहरा नंतर कॉम्प्युटरवर उजळता येतो, रंग जसा डोळ्यांनी पाहिला तसा आणता येतो. काही फोनही रॉ देतात आणि ज्यांना शिकायचंय त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. पण नंतर बसून फोटोवर काम करायची आवड किंवा वेळ नसेल, तर कॅमेऱ्याची निम्मी ताकद वापराविना पडून राहील. खरेदीपूर्वी हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारायला हवा.

चोडणचा खंड्या

लांबच्या गोष्टींत फरक सगळ्यात मोठा आहे. रायबंदरहून फेरीने मांडवी ओलांडून चोडणला उतरलं की धक्क्याजवळच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, खारफुटीतलं. समजा वीस मीटरवरच्या फांदीवर २४ सेंटिमीटरचा खंड्या बसलाय. फोनच्या मुख्य लेन्सने टिपला तर तो चौकटीच्या रुंदीच्या सव्वाशेव्या भागाएवढा येतो. चार हजार पिक्सेल रुंद फोटोत त्याच्या वाट्याला येतात बत्तीस. पाचपट झूमची वेगळी लेन्स असलेला फोन त्याला साधारण १६० पिक्सेल देईल. सहा हजार पिक्सेल रुंद फुल फ्रेमवर ४०० मिलिमीटरची लेन्स लावली तर ८००. तेव्हा कुठे पंखाच्या कडा दिसतात.

त्यापुढे फोनवर दोन बोटांनी जे झूम होतं ते बहुतांशी कापून मोठं करणं असतं, आणि उरलेली पोकळी सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. २०२३ मध्ये सॅमसंगच्या चंद्राच्या फोटोंवरून यावरच वाद झाला. एकाने मुद्दाम धूसर केलेलं चंद्राचं चित्र कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठेवून फोनने टिपलं, तर फोटोत मुळात नसलेले बारकावे उमटले. कंपनीनेही चंद्र ओळखून बारकावे वाढवणारी प्रणाली असल्याचं सांगितलं. चंद्र सर्वांना ठाऊक आहे, म्हणून नुकसान थोडं. पण पक्ष्याची नोंद करायची असेल, हा पांढऱ्या गळ्याचा खंड्या की काळ्या डोक्याचा हे ठरवायचं असेल, तर अंदाजाने रंगवलेली पिसं कामाची नाहीत. अशा वेळी काचेतून आलेलं, कमी का असेना, खरं चित्र हवं.

पक्ष्यांच्या लेन्स महाग असतात. ६०० मिलिमीटरपर्यंत जाणाऱ्या चांगल्या लेन्सची किंमत लाखाच्या घरात किंवा पुढे. मधला मार्ग ब्रिज कॅमेऱ्यांचा, म्हणजे न बदलता येणारी, मोठ्या झूमची लेन्स असलेल्या कॅमेऱ्यांचा. निकॉन पी९५० सारख्या कॅमेऱ्याचा सेन्सर चांगल्या फोनपेक्षाही लहान असतो, पण पूर्ण झूमवर त्याच्या लेन्सचं छिद्र ५५ मिलिमीटरचं होतं आणि फुल फ्रेमच्या २,००० मिलिमीटरइतकं जवळचं दिसतं. सकाळच्या उन्हात हा कॅमेरा फार आनंद देतो, दाट झाडीतल्या अंधारात थकतो. याच लहान सेन्सरचे, पण साध्या झूमचे स्वस्त खिशात मावणारे कॅमेरे मात्र आज घेऊ नयेत. फोनने मारला तो त्यांचाच बाजार. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे विक्रीला गेले, २०२३ मध्ये साधारण ७७ लाख.

मेगापिक्सेलबद्दल थोडक्यात. २०० मेगापिक्सेलच्या फोन-सेन्सरमध्ये एकेक पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा असतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबीच ०.५५ मायक्रॉन. एफ १.८ च्या अगदी निर्दोष लेन्सनेही प्रकाशाचा बिंदू अडीच मायक्रॉनच्या आसपास पसरतो, म्हणजे सलग चार पिक्सेलवर. म्हणूनच फोन सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. तेवढा छान पुरतो: १२ मेगापिक्सेलमधून तेरा बाय दहा इंचांची उत्तम प्रिंट निघते.

गोव्याचा पाऊस

कॅमेरा घेतला तर इथे त्याचा खरा शत्रू बुरशी आहे. जून ते सप्टेंबर हवेत ओल इतकी असते की कपाटातले चामड्याचे पट्टे पांढरे पडतात, आणि लेन्सच्या आतल्या काचेवर उगवणारी बुरशीही तशीच वाढते. दमट, बंद, काळोखी जागा तिला हवी असते. म्हणजे कपड्यांच्या कपाटात बॅगेत गुंडाळून ठेवलेला कॅमेरा तिच्यासाठी आयतं घर. एकदा ती काचेवरच्या लेपात रुजली की साफ केल्यावरही डाग राहतो.

महागडं ड्राय कॅबिनेट नसलं तरी चालतं. रबराची कड असलेला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. आकडा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. तीसच्या खाली गेला तर लेन्समधलं वंगण आणि रबर सुकायला लागतं. जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून कोरडं करायचं आणि गार झाल्यावर पुन्हा डब्यात. याहून चांगला उपाय म्हणजे कॅमेरा वापरणं. महिन्यातून दोनदा उजेडात फिरलेली लेन्स बुरशीपासून बरीच सुरक्षित राहते.

एसीच्या खोलीतून थेट बाहेर आलात तर काचेवर दव धरतं. अर्धा तास कॅमेरा बॅगेतच राहू द्या. किनाऱ्यावर वाळूत उभं राहून लेन्स बदलू नका आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या फडक्याने कॅमेऱ्याचं अंग पुसा, कारण खारा वारा दिसत नाही पण धातूला खातो. फोनवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. फोन पाण्यात टिकतो हे सांगणारी आयपी ६८ ही चाचणी गोड्या पाण्यात होते. समुद्राचं पाणी चार्जिंगच्या खाचेत सुकलं की क्षार तिथेच राहतात.

पैसे कमी असतील तर जुना कॅमेरा घ्यायला अजिबात हरकत नाही. सात-आठ वर्षांपूर्वीच्या एपीएस-सी कॅमेऱ्याचा सेन्सरही आजच्या फोनच्या पाचपट मोठाच आहे. पण गोव्यातली जुनी लेन्स घेताना दोन्ही टोपणं काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागच्या बाजूने टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे चार कण चालतील. बारीक पांढरे तंतू दिसले तर किंमत कितीही उतरवली तरी ती लेन्स घेऊ नका. आणि चांगली ५० मिलिमीटर मिळाली तर पहिल्या काल्याला अ‍ॅपर्चर एफ १.८ ते २, शटर १/२५०, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटो, वरची मर्यादा ६४००, एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) एक पायरी खाली, आणि फ्लॅश बंद. समोर नाटक चालू आहे. नटाच्या डोळ्यांत उजेड मारायचा नाही.